एका ओळीची खिडकी

मित्रांनो, मी जुनी आहे, जाड आहे आणि स्वभावानं मत्सरी आहे. पहिल्या दोन गोष्टी तुम्हाला पाहताक्षणी कळतील, म्हणून तिसरी मीच आधी सांगून टाकते. मी लातूरच्या एका कचेरीतल्या दप्तरखान्याची नोंदवही आहे. कचेरीचं नाव सांगत नाही. या गोष्टीत एक चूक झाली, ती माझी आहे, आणि तिचा डाग कचेरीला लागावा असं मला वाटत नाही.

दप्तरखाना म्हणजे जुने कागद ठेवायची खोली. तिथं कागदांचे गठ्ठे कापडात बांधून फळ्यांवर रचलेले असतात. कोणता कागद कोणत्या गठ्ठ्यात आहे, हे माझ्या पानांवर लिहिलेलं असतं. माझ्याशिवाय त्या खोलीत शिरणारा माणूस दिवसभर धूळ खाऊन हात हलवत परत जातो. हे मी गर्वानं सांगते आहे, आणि तो गर्व पुढे माझ्या अंगाशी आला.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळात नांदेडला झाला. तिथल्या वजिराबाद भागात शिवप्पा नावाचा बाइंडर होता, मूळचा देगलूरकडचा. व्यंकटराव हे दप्तरखान्याचे कारकून. तेव्हा लातूर हा जिल्हा नव्हता, आमची कचेरी उस्मानाबादला होती. सरकारी छापखान्यातून येणाऱ्या वह्या सहा महिन्यांत फाटतात, म्हणून सासुरवाडीला नांदेडला आले तेव्हा व्यंकटराव चांगला कागद घेऊन शिवप्पाकडे गेले आणि मला बांधून घेतलं. मी कुणीतरी हौसेनं करवून घेतलेली वही आहे, हे मी कधी विसरले नाही.

वही बांधायला पिठाची खळ लागते. शिवप्पानं ज्वारीचं ओंजळभर पीठ काढलं, तोच त्याची बायको शांतम्मा आतून आली. "लेकरांच्या पोटाला पीठ न्हाई, अन् तुमी कागदाला चारून राहिले व्हय?" असं म्हणून तिनं ते पीठ परत डब्यात ओतलं. शिवप्पानं बाभळीचा डिंक वाटीभर पाण्यात विरघळवला आणि मला डिंकानं बांधलं.

"साहेब, हिला पानी लागू देऊ नका. डिंक हाय, चिकटंल," तो म्हणाला.

"पानी हाय कुठं, शिवप्पा?" व्यंकटराव म्हणाले, आणि दोघंही हसले.

पुढची दहा वर्षं माझी होती. व्यंकटरावांचं अक्षर ठसठशीत, निळ्या-काळ्या शाईचं. माझी पहिली सव्वाशे पानं दुष्काळानंच भरली. कुठं पाझर तलाव खणला, कुठं रस्ता केला, कुणाचं रान त्यात गेलं, सगळं माझ्यात उतरलं. व्यंकटराव रोज सकाळी आल्यावर टोपी खुंटीला लावत आणि आधी मला उघडत, मग पाणी पीत. एकदा एक मोठे साहेब तपासणीला आले होते. ते मला चाळून म्हणाले, "ही वही नाही, हे या खोलीचे डोळे आहेत." त्यानंतर मी कितीतरी दिवस कुणाशी धड वागले नाही. शेजारच्या आवक-जावक वहीला तर मी वहीच मानत नव्हते.

माझ्यात खूण म्हणून एक कोरं पोस्टकार्ड असे. व्यंकटराव काम संपलं की ते पानात ठेवून मला मिटत. दहा वर्षं ते कार्ड माझ्या पानापानांतून फिरलं. त्यावर कधी कुणी काही लिहिलं नाही, आणि ते कुणासाठी घेतलं होतं हे व्यंकटरावांनी मला कधी सांगितलं नाही. मी मानून चालले होते की ते माझ्यासाठीच आहे.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. कागदांची वाटणी झाली. लातूर, औसा, निलंगा, उदगीर आणि अहमदपूर या पाच तालुक्यांचे गठ्ठे ट्रकात भरले, त्यांच्याबरोबर व्यंकटराव आले आणि मीही आले. औशाच्या अलीकडे पाऊस लागला. ताडपत्रीला एक भोक होतं, नेमकं माझ्या डोक्यावर. माझी बांधणीकडची पाठ ओली झाली. लातूरला व्यंकटरावांनी मला उन्हात ठेवलं, पुसलं, वरवर चाळलं. सगळं ठीक दिसलं. नव्या जिल्ह्याला अजून इमारत नव्हती, म्हणून दप्तरखाना डाळीच्या एका रिकाम्या गोदामात मांडला होता. तुरीचा वास आणि गठ्ठ्यांचे ढीग, असा आमचा नवा संसार सुरू झाला.

आणि तिथंच ती आली.

तिचं नाव पंचशीला. वय चोवीस-पंचवीस. तिचा नवरा ग्यानोबा या कचेरीचा चौकीदार होता. तो कावीळ होऊन गेला, म्हणून त्याच्या जागी तिला शिपाई म्हणून घेतलं होतं. पहिलं एक वर्ष परीक्षेचं होतं. मार्चमध्ये तिच्या कामाचा अहवाल जायचा, आणि त्यावर ती राहणार की जाणार हे ठरायचं होतं. घरी लहान मुलगी होती, सिंधु. दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

तिचं काम सोपं होतं. चिठ्ठीवर लिहिलेल्या नंबराचा गठ्ठा काढून आणायचा. पण ती दोनशे चौदा मागितला तर दोनशे एक्केचाळीस आणायची. आमचे अव्वल कारकून शेषेराव कडक होते. वाईट नव्हते, पण ज्याला जे येतं ते प्रत्येकाला आलंच पाहिजे असं त्यांना वाटे. तिसऱ्यांदा चूक झाली तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर मला उघडून तिच्यापुढे सरकवलं.

"वाचा बाई. नववीपर्यंत शाळा झाली म्हणता ना? वाचा ही ओळ."

ती वाचू लागली. अर्धी ओळ वरची झाली आणि उरलेली खालची. मग ती थांबली, पुन्हा पहिल्यापासून लागली, पुन्हा घसरली. दोन कारकून हसले. खरं सांगते मित्रांनो, मलाही आनंद झाला. माझं अक्षर जिला वाचता येत नाही तिनं माझ्या खोलीत यावंच कशाला, असं मला वाटलं.

आज याला डिस्लेक्सिया म्हणतात. डोकं चांगलं असतं, नजर चांगली असते, फक्त अक्षरं जागेवर थांबत नाहीत. तेव्हा आमच्याकडे याला नाव नव्हतं. 'डोकं न्हाई' एवढंच लोक म्हणत.

जेवणाच्या सुट्टीत ती गठ्ठ्यांमागे बसली होती. व्यंकटराव आपला डबा घेऊन तिच्यासमोर जाऊन बसले.

"पंचशीलाबाई, वाचताना काय होतं ते मला सांगा. लाजू नका."

ती मान खाली घालूनच म्हणाली, "काका, मी वरची ओळ धरती, तर खालची वर येऊन राहती. बोट ठेवलं तरी आजूबाजूची अक्षरं ढकलतात. माझे आप्पा मुदखेडला मास्तर हायेत. घरात बाबासाहेबांची तसबीर हाय, तिच्याखाली पुस्तकाची फळी हाय. आप्पांनी अर्धं मुदखेड शिकवलं. अन् मी त्यांचीच लेक."

व्यंकटरावांनी भाकरी खाली ठेवली. "मला धाकटा भाऊ हाय, निवृत्ती. त्याला बी असंच व्हायचं. मी त्याला पाटी घेऊन बसवायचो अन् लई मारायचो. तो पळून गेला, तिकडं निजामाबादकडं. त्याला पत्र लिहावं म्हणून कार्ड घेतलं, पर त्याला वाचता येत न्हाई हे मलाच ठाऊक. मग काय लिहू?"

मी टेबलावर पडून हे ऐकत होते. माझ्यातलं कार्ड निवृत्तीसाठी होतं. दहा वर्षं रोज माझ्याजवळ बसणाऱ्या माणसानं हे मला सांगितलं नाही, आणि हिला अर्ध्या भाकरीत सांगितलं. मी जळले, दुसरा शब्द नाही.

ते तेवढ्यावर थांबलं नाही. व्यंकटराव उठले, माझ्यातून ते कार्ड काढलं, माझ्याच पुठ्ठ्यावर ठेवलं आणि ब्लेडनं त्याच्या मधोमध एक लांब चीर कापली. एका ओळीएवढी उंच, ओळीएवढी रुंद. ब्लेडचा ओरखडा माझ्या पुठ्ठ्यावर आजही आहे. मग त्यांनी मला उघडलं आणि ते कार्ड माझ्या पानावर ठेवलं. वरच्या ओळी झाकल्या, खालच्या झाकल्या. मधे एकच ओळ उरली.

"आता वाचा. घाई न्हाई."

तिनं वाचलं. अडखळत, पण एकच ओळ, आणि पूर्ण. मग कार्ड खाली सरकवलं आणि दुसरी वाचली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि व्यंकटराव उगाच डब्याचं झाकण लावत बसले.

त्यानंतर माझे वाईट दिवस सुरू झाले. व्यंकटराव सकाळी टोपी खुंटीला लावत आणि आधी तिला दिवसाचं काम तोंडी सांगत. ती ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवी. एकदा ऐकलेलं ती विसरत नसे, दहा गठ्ठे सांगितले तर दहा आणी. गोदामासमोर शिंप्याचं दुकान होतं. तिथल्या झाडून टाकलेल्या चिंध्या व्यंकटरावांनी आणल्या आणि प्रत्येक तालुक्याच्या गठ्ठ्यांना एका रंगाची चिंधी बांधली. औसा पिवळा, उदगीर हिरवा, निलंगा निळा, असं. तालुका कळला की निम्मं शोधणं वाचायचं. हळूहळू बाकीचे कारकूनही चिंधी पाहूनच गठ्ठे काढू लागले. माझ्याकडे कमी येऊ लागले. चारशे पानांची मी, माझ्यापेक्षा शिंप्याच्या चिंध्यांना मान!

शेषेरावांना हे पटत नव्हतं. व्यंकटराव त्यांना म्हणाले, "बाईंना चिठ्ठी देऊ नका, तोंडानं सांगा. चारचौघांत वाचायला लावू नका. येवढंच करा."

"व्यंकटराव, ही कचेरी हाय का बालवाडी?"

"शेषेराव, तुमचा चष्मा काढून ठिवा अन् मग ही चिठ्ठी वाचा."

शेषेरावांनी चष्म्याला हात लावला, पण काढला नाही. तोंडी सांगायला मात्र ते लागले. अहवालाचं काय करणार, ते बोलले नाहीत.

मला सगळ्यांत जास्त राग त्या कार्डाचा होता. त्याच्यावर एक अक्षर नाही. उलट त्याच्यातलं जे होतं तेही कापून टाकलेलं. नुसतं एक भोक! आणि पंचशीला ते रोज पदराला पुसून, पोलक्याच्या खिशात जपून ठेवी. मला ती उघडायची, पण हात आधी त्या कार्डाकडे जायचा.

फेब्रुवारीत व्यंकटराव आठ दिवसांची रजा काढून निजामाबादला गेले. भावाला शोधायला. त्याच आठवड्यात शुक्रवारी केवळाबाई आली. औसा तालुक्यातल्या लिंबाळवाडीची म्हातारी, उन्हानं रापलेली, हातात काठी.

"साहेब, दुष्काळात आमच्या रानात तळं खणलं. निम्मं रान तळ्यात गेलं, निम्मं राहिलं. आता मोजणीवाले आले, अन् सगळंच तळ्याचं म्हणून राहिले. सोमवारी खुणा रोवणार हायेत. निम्म्याचा कागद तुमच्यात हाय म्हणतात. तेवढा काढून द्या, माय-बाप."

शेषेरावांनी मला घेतलं. त्यांची नजर वेगवान, बोट त्याहून वेगवान. झरझर पानं उलटत त्यांनी औशाची दुष्काळातली सगळी पानं पाहिली. लिंबाळवाडी कुठंच नव्हती.

"नोंद न्हाई, बाई. म्हणजे कागद न्हाई."

"असं कसं, साहेब? मी अंगठा दिलेला हाय."

शेषेरावांनी फळ्यांकडे पाहिलं आणि मग पंचशीलाकडे. "गठ्ठे फळीवर कोणी लावले? तुमीच ना? कागद गहाळ झाला असंल तर तो इथंच झाला. चिंध्या बांधून दप्तर चालत न्हाई, हे मी आधीच म्हटलं होतं." त्यांनी कागद ओढला आणि लिहू लागले. अहवाल होता तो. "वाचता येत नाही, दप्तराच्या कामास अपात्र," असं ते लिहिताना पुटपुटले. "सोमवारी मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठिवतो."

केवळाबाई पायरीवर बसून राहिली.

आणि मला, मित्रांनो, ठाऊक होतं. ताडपत्रीच्या त्या भोकातून आलेल्या पाण्यानं शिवप्पाचा डिंक पाघळून पानांच्या कडेपर्यंत ओघळला होता आणि माझी दोन पानं एकमेकांना चिकटली होती. एकशे अठरा आणि एकशे एकोणीस यांच्या पोटात लिंबाळवाडी होती. शेषेरावांच्या बोटाखालून ती दोन्ही एकच पान होऊन गेली. मी गप्प पडून होते, आणि मनात म्हणत होते, आता जाईल ती. जाईल तिचं कार्ड आणि तिच्या चिंध्या. व्यंकटराव परत येतील तेव्हा पुन्हा मीच असेन.

शनिवारी सकाळी कचेरी उघडायच्या आधीच ती आली. चौकीदारानं तिला आत सोडलं. तिनं मला खिडकीजवळ नेलं, पदरानं पुसलं, कार्ड काढलं आणि औशाच्या पहिल्या पानापासून लागली. एक ओळ. मग दुसरी. मग तिसरी. प्रत्येक गावाचं नाव ती ओठ हलवून वाचत होती. इतक्या सावकाश मला कुणीही वाचलं नव्हतं, अगदी व्यंकटरावांनीही नाही. जिथं शेषेरावांनी पाव मिनिट घातलं तिथं तिनं दोन तास घातले. बाहेर केवळाबाई येऊन पायरीवर बसली. शेषेराव आले, त्यांनी पाहिलं आणि आपल्या खुर्चीत बसले.

एकशे अठरावं पान उलटायला तिनं ते चिमटीत धरलं आणि ती थांबली. रोज गठ्ठ्यांच्या गाठी सोडणारी तिची बोटं. तिनं ते पान अंगठ्यानं चोळलं, मग त्याच्या आधीचं चोळलं.

"हे पान जाड कामून हाय?" ती स्वतःशीच म्हणाली.

तिनं तांब्यातल्या पाण्यानं पदराचं टोक ओलं केलं आणि माझ्या कडेला हलकेच टेकवलं. थोडी वाट पाहिली. नखानं ओढलं असतं तर मी फाटले असते, हे तिला कळलं असावं. तिनं ते कार्ड घेतलं आणि त्याची कड दोन पानांच्या मधे सरकवली. जिथं ते दहा वर्षं राहिलं होतं तिथंच ते पुन्हा आलं. हळूहळू, बोटभर, मग वीतभर. पान सुटलं.

तिनं कार्ड त्यावर ठेवलं आणि उभं राहून मोठ्यानं वाचलं. चारचौघांत, कुणी न सांगता.

"मौजे लिंबाळवाडी. पाझर तलाव. केवळाबाई. सर्व्हे नंबर बेचाळीस. पैकी निम्मे." ती थांबली, पुन्हा कार्डाकडे पाहिलं. "निम्मे, साहेब. गठ्ठा तीनशे सात."

कुणी हसलं नाही. पिवळ्या चिंधीचा तो गठ्ठा तिनं शिडीवर चढून काढला. नकाशासकट कागद त्यात होता, खाली केवळाबाईचा अंगठा होता. म्हातारीनं आपला अंगठा त्या ठशाशेजारी धरून पाहिला आणि रडू लागली.

"माय, तुला येवढं वाचायला शिकवलं कुणी?"

"आप्पांनी शिकवलं," पंचशीला म्हणाली. "अन् ह्या कार्डानं."

माझं नाव तिनं घेतलं नाही. घेण्यासारखं मी काही केलंही नव्हतं.

शेषेरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. मग फायलीतून कालचा अहवाल काढला, फाडला, आणि दुसरा लिहिला. लिहून झाल्यावर तो तिच्यापुढे ठेवला. "वाचा बाई. घाई न्हाई." तिनं कार्ड ठेवून वाचलं. "एका वेळी एक ओळ वाचतात. वाचलेली ओळ चुकत नाही. काम तोंडी सांगावे. कामावर कायम ठेवावे."

सोमवारी व्यंकटराव परत आले. भाऊ भेटला होता. त्यानं दारातच 'जेवलास का?' एवढंच विचारलं, असं ते सांगत होते. मग त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि मला उघडलं. एकशे अठराव्या पानावरचा ओला डाग पाहिला, त्यावरून हात फिरवला. मला वाटलं आता ते रागावतील. त्यांनी डाग वाळवायला मला उन्हात नेऊन ठेवलं.

पुढे पंचशीला त्याच कचेरीत दप्तरी, म्हणजे दप्तरखाना सांभाळणारी, झाली आणि तीस वर्षांनी निवृत्त झाली. तिच्या हाताखाली आलेल्या किती जणांना तिनं अशी कार्डं कापून दिली, याची नोंद माझ्यातही नाही. जायच्या दिवशी तिनं ते जुनं कार्ड खिशातून काढलं. चिरेच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. मला वाटलं घरी नेईल. तिनं ते एकशे अठराव्या पानात ठेवलं आणि मला मिटलं.

आता मला कुणी उघडत नाही. कॉम्प्युटर आहेत, त्यांचा मत्सर करायचं माझं वय राहिलं नाही. एवढंच मागते मित्रांनो, की तुमच्याशेजारी कुणी सावकाश वाचत असेल तर त्याच्या हातातलं पान ओढून घेऊ नका. एक जाड कागद घ्या आणि ब्लेड घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. मग जवळ बसा, आणि तो वाचेल ते ऐका.

आणि एक राहिलं. सगळे म्हणतात, त्या शुक्रवारी पानं सुटली नाहीत ती डिंकामुळं. बहात्तरचा डिंक, त्यात पाणी कमी, काय करणार. पण ट्रकातला पाऊस होऊन सहा महिने झाले होते, डिंक वाळून ठिसूळ झाला होता. शेषेरावांचं बोट लागलं तेव्हा मी सुटले असते. मी घट्ट धरून ठेवलं होतं.

आणि नंतर ओल्या पदरानं मी सुटले, असंही लोक सांगतात. खरं तर मी सोडलं, ते तिनं मला फाडलं नाही म्हणून.